सभासद यादीत दिसतो पण सर्चला सापडत नाही (लाराव्हेल, मायएसक्यूएल, मराठी नावं)

माणदेशी_कोडर

मंडळी नमस्कार, तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी वेब ॲप करतोय. सभासद, पुस्तकं, देवघेव, वर्गणी एवढंच आहे. लाराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). जुनी सभासद यादी मूळ श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये) होती, ती कुणीतरी कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये एक्सेल करून दिलेली, तीच मी इम्पोर्ट केली. नवीन सभासद ग्रंथपाल मॅडम कधी ऑफिसच्या पीसीवरून तर कधी स्वतःच्या मोबाईलवरून टाकतात.

आता अडचण अशी की कुऱ्हाडे आडनावाचे बरेच सभासद आहेत, यादीत डोळ्यांना सगळे दिसतात, पण सर्चमध्ये कुऱ्हाडे टाकलं की त्यातले काहीच येतात. चऱ्होली गाव टाकलं तरी तेच. पुस्तकांत ॲ ने सुरू होणारी नावं पण अशीच गायब होतात. कहर म्हणजे पीसीवरून सर्च केलं तर वेगळे रिझल्ट आणि मोबाईलवरून केलं तर वेगळे!

क्वेरी साधी लाइकची आहे, शब्द नावात कुठंही असला तरी सापडावा म्हणून दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावलंय. टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये आहे, कोलेशन (अक्षरांची तुलना कशी करायची त्याचे नियम) बदलून बघितलं, काही फरक नाही. आता इलॅस्टिकसर्च (वेगळं सर्च इंजिन) टाकावं का असा विचार चाललाय, पण सर्व्हर २ जीबी रॅमचा आहे आणि संस्थेचं बजेट तेवढंच आहे. कुणी मराठी डेटावर काम केलंय का?

रात्रपाळी

इलॅस्टिकसर्च अजिबात टाकू नका. काही हजार ओळींच्या यादीला त्याची गरज नाही, आणि टाकलंत तरी हा प्रॉब्लेम तसाच राहील, कारण गडबड सर्चमध्ये नाहीये, डेटात आहे.

आधी एक करा. सापडणारा एक कुऱ्हाडे आणि न सापडणारा एक कुऱ्हाडे घ्या आणि दोघांचं आडनाव मायएसक्यूएलच्या हेक्स फंक्शनमधून (साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवतं) काढून शेजारी शेजारी ठेवा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, म्हणून सहा-सहा हेक्स आकड्यांचे गट पाडून वाचायचं. माझा अंदाज असा की एकात तुम्हाला ई०ए४बी१ दिसेल, तो ऱ आहे, आणि दुसऱ्यात त्या जागी ई०ए४बी० म्हणजे साधा र, मग हलंत, आणि त्याच्या मागे ई२८०८डी दिसेल. हे शेवटचं म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, शेजारची अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं कॅरेक्टर, जे स्क्रीनवर दिसतच नाही.

आपल्या मराठीतला हा पापणीसारखा दिसणारा अर्धा र (कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर यातला) युनिकोडमध्ये दोन पद्धतीनं लिहिता येतो. एक, ऱ अधिक हलंत. दोन, साधा र अधिक हलंत अधिक जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे दाबलं की सरळ ऱ येतो, पण बरेच कन्व्हर्टर आणि फोनेटिक कीबोर्ड दुसरी पद्धत वापरतात. म्हणून तुमच्याकडे पीसी आणि मोबाईलचे रिझल्ट वेगळे येतायत, सर्च करणारा कुठल्या पद्धतीनं टाइप करतो तेवढंच त्याला सापडतं.

कोलेशनचं म्हणाल तर, बरोबरच्या चिन्हानं तुलना केली तर कोलेशनप्रमाणे काही अदृश्य कॅरेक्टर सोडूनही दिली जातात, पण लाइक एकेक कॅरेक्टर जुळवत जातो, तिथं मधला जॉइनर आडवा येतोच. त्यामुळं कोलेशन किती बदललंत तरी लाइकला त्याचा उपयोग नाही.

माणदेशी_कोडर

दादा शंभर टक्के बरोबर! हेक्स काढून बघितलं, इम्पोर्ट केलेल्या जुन्या नावांत सगळीकडे ई२८०८डी आहे आणि मॅडमनी पीसीवरून टाकलेल्यात ई०ए४बी१. आणि ॲ च्या बाबतीत तर अजून मजा, काही ठिकाणी अ वर चंद्र वेगळा आहे, काही ठिकाणी मधे जॉइनर आहे, काही ठिकाणी हिंदीतला ऍ.

मग सरळ पूर्ण टेबलमधून जॉइनर उडवून टाकू का? एक अपडेट क्वेरी, रिप्लेस फंक्शन, विषय संपला?

रात्रपाळी

थांबा थांबा, ती क्वेरी चालवू नका!! नुसता जॉइनर उडवलात तर मागं उरतो साधा र आणि हलंत, म्हणजे त्याचा रफार होतो. दऱ्या चा दर्या होईल, डोंगरातल्या दऱ्या गेल्या आणि समुद्र आला. कुऱ्हाडे चा कुर्हाडे होईल, आणि तो सभासद कार्डावर तसाच छापला जाईल. एकदा हे झालं की मागे वळता येत नाही, कारण खरा रफार कुठला आणि बिघडलेला कुठला हे नंतर कळायला मार्ग नाही. काहीही करायच्या आधी डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आणणं) चालवा, पीएचपीत इंटल एक्स्टेन्शनचा नॉर्मलायझर क्लास आहे, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगलाच नॉर्मलाइझ मेथड आहे. यानं र खाली नुक्ता (टिंब) असं कुणी लिहिलं असेल तर त्याचा ऱ होतो. पण एनएफसी जॉइनरला हात लावत नाही, अ आणि काना वेगवेगळा असेल तर त्याचा आ पण करत नाही, आणि ॲ चे प्रकार पण एक करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. म्हणून दुसरं, र-हलंत-जॉइनर हे तिन्ही ओळीनं दिसले की ऱ-हलंत करा. तिसरं, अ वर चंद्र, अ-जॉइनर-चंद्र, आणि ऍ, तिन्हींचा ॲ करा (हा स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला, म्हणून त्याआधीच्या आणि जुन्या कन्व्हर्टरच्या डेटात बाकीचे जुगाड सापडतात). चौथं, अ-काना चा आ, अ-ओकार चा ओ, कन्व्हर्टरमधून आलेल्या डेटात हे हमखास असतं, चेक करा. एक्सेलमधून आलेले नॉन-ब्रेकिंग स्पेस पण साध्या स्पेस करा, आडनावाच्या शेवटी चिकटून बसतात.

हे सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि तेच फंक्शन सेव्ह करताना आणि सर्चचा शब्द घेताना, दोन्हीकडे वापरा. जुन्या ओळींवर एकदा कमांड लिहून शे-पाचशेच्या तुकड्यांत चालवा.

मीनल_बॅकएंड

रात्रपाळींनी सांगितलंय ते बरोबरच आहे, फक्त मी एक पायरी वेगळी करते. नावाचा मूळ कॉलम आणि शोधायचा कॉलम वेगळा ठेवा.

मूळ कॉलममध्ये फक्त वरचं एवढंच, ज्यानं (ऍ चा ॲ सोडला तर) दिसणं बदलत नाही. आणि शेजारी शोधनाव असा एक कॉलम, जो माणसाला कधीच दाखवायचा नाही, त्यात मात्र बिनधास्त सपाटीकरण करा. उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढा, नुक्ता काढा, सगळ्या दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व करा, दीर्घ उकार ऱ्हस्व करा, ळ चा ल करा, आणि न, म, ण, ङ, ञ हलंतासकट आपापल्या वर्गातल्या व्यंजनाआधी आले तर अनुस्वार करा. म्हणजे शिन्दे आणि शिंदे, कुलकर्णी आणि कुळकर्णी, विद्या आणि वीद्या सगळे एका जागी येतात. लोक सर्च करताना ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत आणि बघावं अशी अपेक्षा पण आपण ठेवू नये, काउंटरवर रांग असते. रिझल्ट लावताना आधी मूळ नावाशी तंतोतंत जुळणारे वर घ्या आणि मग बाकीचे.

या शोधनाव कॉलमला बायनरी कोलेशन द्या. सपाटीकरण आपण आधीच केलंय, मग डेटाबेसनं त्यात स्वतःचं डोकं लावायचं कारण नाही, उद्या सर्व्हर बदलला तरी रिझल्ट तेच राहतील.

पण हे सपाट नाव चुकूनही पावतीवर किंवा दाखल्यावर जाता कामा नये. माणसाचं नाव तो जसं लिहितो तसंच छापलं गेलं पाहिजे, यात तडजोड नको.

आता व्हॅलिडेशनकडे बघा, तिथं पुढचा अपघात होतोच. लाराव्हेलचा अल्फा नियम अक्षरं आणि मात्रा घेतो, पण जॉइनर या दोन्हींत बसत नाही, त्यामुळं जॉइनरवाला कुऱ्हाडे फॉर्ममध्येच अडकतो आणि युजरला कळत नाही की चुकलं काय, कारण त्याला ते कॅरेक्टर दिसतच नाही. म्हणून नॉर्मलाइझ आधी आणि व्हॅलिडेशन नंतर, फॉर्म रिक्वेस्टमध्ये प्रिपेअर फॉर व्हॅलिडेशन नावाची मेथड त्यासाठीच आहे. स्वतः रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) लिहिलात तर नुसता लेटरचा वर्ग देऊ नका, मात्रा आणि हलंत लेटर नसतात, मार्क असतात, तो वर्ग पण द्यावा लागतो, नाहीतर कमल पास आणि सीता नापास.

आणि आकडे! मराठी कीबोर्ड चालू असला की मोबाईल नंबर ९८ असा देवनागरीत येतो. पायथन आणि जावा असे आकडे समजून घेतात, जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मात्र नॅन (हा आकडा नाही) देतं, आणि जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला अंकांचा वर्ग फक्त इंग्रजी ० ते ९ घेतो. त्यामुळं नंबरच्या प्रत्येक रकान्यात आत येतानाच देवनागरी आकडे इंग्रजी करून टाका, युजरला एरर दाखवू नका, त्यानं काही चूक केलेली नाहीये. उलट बाजूनं पण जपा, ब्राउझरमध्ये इंटल नंबरफॉरमॅटला मराठी लोकेल दिलं की १२,३४,५६७ असं छान लाख-हजारात आणि देवनागरीत येतं, ते दाखवायला मस्त आहे, पण तेच उचलून परत फॉर्मच्या व्हॅल्यूत किंवा एपीआयला पाठवलं की वर्गणीची रक्कम गेली. दाखवायचं वेगळं, साठवायचं वेगळं.

सावंतवाडी_एक्सप्रेस

मीनलताईंच्यात थोडी भर. ळ चा ल करणं मला पटत नाही. आमच्याकडे कोकणात गावांची नावं ळ वर उभी आहेत, आणि काळे आणि काले ही दोन वेगळी आडनावं एकात गेली तर यादी लांब होते. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार एवढंच पुरे होतं माझ्या मते.

दुसरं म्हणजे पुस्तकाची नावं कार्डात बसवायला सबस्ट्रिंग वापरत असाल तर बंद करा. पीएचपीचं साधं सबस्ट्रिंग बाइट मोजतं, ३ बाइटच्या अक्षराच्या मधेच कापलं की स्ट्रिंग मोडते आणि जेसन एन्कोड फॉल्स देऊन मोकळं होतं, एपीआयला रिकामा रिस्पॉन्स आणि लॉगमध्ये मालफॉर्म्ड यूटीएफ-८. मल्टिबाइटवालं वापरलं तर मोडत नाही, पण क्षितिज मधल्या क्ष चा नुसता क् राहतो, लोंबकळता हलंत. क्षितिज आपल्याला तीन अक्षरं वाटतात पण कोडला ती ७ आहेत. नाव लांब आहे म्हणून दोन ओळींत कापायचं तर ते काम सीएसएसला द्या, ब्राउझरला जोडाक्षर कळतं. सीएसएसमध्ये आहातच तर हेडिंगचं लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते.

मीनल_बॅकएंड

ळ चा मुद्दा मान्य. ज्या भागातली यादी असेल तिथल्या नावांवर चालवून बघावं आणि मग ठरवावं. माणदेशी, तुम्ही दोन्ही प्रकारे चालवून किती नावं नव्यानं एकत्र येतायत ती यादी ग्रंथपाल मॅडमना दाखवा, कुठली दोन नावं एक मानायची हे त्या आपल्यापेक्षा चांगलं सांगतील.

माणदेशी_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार. शोधनाव कॉलम केला, कुऱ्हाडे आणि चऱ्होली दोन्ही आता पूर्ण येतात. मॅडमनी ळ तसाच ठेवायला सांगितला.

अजून दोन गोष्टी विचारतो, एवढं सांगा. सभासद कार्डाची पीडीएफ करतो त्यात शिंदे ची वेलांटी श च्या पुढे जाऊन पडते. आणि यादीची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी ए वर टिंबं-रेघा असलेला कचरा दिसतो.

रात्रपाळी

सीएसव्हीचं सोपं आहे. फाइल चांगलीच आहे, एक्सेलला ती यूटीएफ-८ आहे हे कळत नाही. फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम लिहा, म्हणजे ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट, डबल क्लिकवर नीट उघडेल. आणि लक्षात ठेवा, असा टिंबा-रेघांचा कचरा डेटाबेसमध्ये दिसला तर बहुतेक वेळा परत मिळवता येतो, कारण बाइट शाबूत असतात, वाचणारा चुकतोय. पण अक्षराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर ते अक्षर गेलं, बॅकअपशिवाय येत नाही. म्हणून इम्पोर्ट झाल्या झाल्या आधी प्रश्नचिन्हं शोधायची, मूळ एक्सेल हाताशी असतानाच.

पीडीएफचं कारण असं की युनिकोडमध्ये वेलांटी श च्या नंतर साठवलेली असते, आधी काढायचं काम शेपिंग इंजिनचं, म्हणजे अक्षरं जोडून योग्य जागी मांडणाऱ्या भागाचं. तुमची लायब्ररी शेपिंग न करता कॅरेक्टर ओळीनं मांडत जाते. फॉन्ट बदलून काही होणार नाही. एक तर एमपीडीएफ घ्या, त्यात ओपनटाइप लेआउटची सोय आहे पण ती फॉन्टच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते. नाहीतर एचटीएमएल बनवून हेडलेस क्रोमनं पीडीएफ काढा, रिझल्ट सगळ्यात चांगला येतो पण २ जीबीच्या सर्व्हरवर एका वेळी एकच चालू दे, क्यूमध्ये टाका. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसतो बहुतेकदा, सगळे चौकोन येतात, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त नावाचा फॉन्ट टाका. आणि एचटीएमएलच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड द्यायला विसरू नका, नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, ती त्यावरूनच निवडली जातात.