वाळपईच्या कुळागरासाठी फोर-व्हील की ऑल-व्हील?

सत्तरीकर
कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जाताना शेवटचे दोनेकशे मीटर जांभ्याचा खडा चढ आहे. मे महिन्यात कुठलीही गाडी चढते, जुलैत शेवाळ आणि तांबड्या चिखलावर चाकं जागच्या जागी फिरतात. मध्ये एक व्हाळही (ओढा) आहे. बाकी रोज वाळपई-पणजी, अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. मारुतीची जिम्नी की ग्रँड विटारा ऑलग्रिप (म्हणजे ऑल-व्हीलवाली)? शोरूमवाले दोन्हींना फोर बाय फोरच म्हणतात.

गिअरतेल
ग्रँड विटारात ताकद मुळात पुढच्या चाकांना जाते. मागच्या एक्सलजवळ क्लच-प्लेटांचं कपलिंग असतं. चाक घसरतंय असं दिसलं की कॉम्प्युटर ते आवळतो. तुम्हाला काही करावं लागत नाही, पण लो गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारा) नाही. चढावर बराच वेळ चाकं फिरवत राहिलात तर कपलिंग तापतं, मग ते वाचवण्यासाठी सिस्टिम मागची ताकद कमी करते. नेमकी तेव्हाच, जेव्हा ती हवी असते.

जिम्नीत ट्रान्सफर केस आहे, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी वेगळी गिअरपेटी. फोर-एच (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. फोर-एलमध्ये (चारही चाकं, लो गिअर) वेगात साधारण २:१ ची आणखी घट मिळते, त्यामुळे पहिल्या गिअरात ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून गाडी सावकाश चढते. उतरताना इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर पाय नाचवावा लागत नाही. ओल्या जांभ्यावर याचंच मोल जास्त.

तुमच्या चढासाठी जिम्नी. रोजच्या पणजीसाठी विटारा आरामशीर, यात वाद नाही. पण पणजीला कुठलीही गाडी पोचते.

सत्तरीकर
मग चोर्ल्यात पाऊस लागला की फोर-एच लावूनच ठेवायचं का?

गिअरतेल
पाणी वाहतंय, चिखल आलाय, तेवढ्यापुरतं ठीक. कोरड्या डांबरावर नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा घेर कापतात. जिम्नीत मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसल्यामुळे तो फरक जिरायला जागा नाही. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि लिव्हर फोर-एचमध्ये अडकून बसतो. अडकलाच तर ओढाताण करू नका. चाकं सरळ ठेवून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

टू-एच (फक्त मागची चाकं) ते फोर-एच १०० किमी वेगाच्या आत, चाकं सरळ असताना चालत्या गाडीत बदलता येतं. फोर-एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा, मग लिव्हर दाबून सरकवा. हे चढाच्या पायथ्याशीच उरका. अर्ध्या चढावर न्यूट्रल केलंत तर गाडी मागे येईल.

आणि ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, याचा चार चाकं ओढण्याशी काही संबंध नाही. ओल्या घाटात टायरच उपयोगी पडतात.

कुळेचा_मेकॅनिक
व्हाळाबद्दल कोणी बोललं नाही. चालून तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर (एक्सलमधली हवा ये-जा करायची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. जूनआधी ब्रीदर साफ करा. पावसाळ्यानंतर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल बघा. दुधाळ झालं असेल तर लगेच बदला.

विटारा घेतलीत तर चारही टायर एकाच मापाचे, झीजही सारखी हवी. दोन नवे ८ मिमी खोबणीचे आणि दोन २ मिमीवर आलेले असले की त्यांचे फेरे जुळत नाहीत आणि कपलिंग सरळ रस्त्यावरही काम करत राहतं. बंद पडली तर चारही चाकं उचलणारी फ्लॅटबेडच मागवा.

जिम्नीत उलटी गोष्ट. उन्हाळ्यात फोर-एच लागतच नाही म्हणून तसंच पडून राहतं. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडं चालवा, नाहीतर ऐन जूनमध्ये लागत नाही.

आणि फोर बाय फोर आलं म्हणून मोरजीच्या वाळूत घालू नका. किनाऱ्यावर गाडी नेली की गोव्यात गुन्हा दाखल होतो, शिवाय खारं पाणी ब्रेकच्या कॅलिपरला खातं ते वेगळंच.