बिलासाठी मोबाइल नंबर द्यायलाच हवा का?

नववी गल्ली, राजारामपुरी

गेल्या रविवारी आईसाठी दोन सुती गाऊन घ्यावेत म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. बिल ७८० रुपयांचे झाले. तेवढे रोख पैसे काउंटरवर ठेवून मी पिशवीसाठी हात पुढे केला, तेव्हा तिथल्या मुलीने पडद्यावरची नजर न काढता ‘मोबाइल नंबर सांगा’ असे म्हटले. रोख व्यवहारात नंबर कशाला हवा, असे विचारल्यावर ‘सर, नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम बिल पुढे घेतच नाही’ हे उत्तर मिळाले. मागे सात-आठ माणसांची रांग होती, त्यातले एक गृहस्थ ‘द्या की राव, नंबरच तर आहे’ असे पुटपुटले, आणि मी संकोचाने नंबर सांगून मोकळा झालो.

त्यानंतरच्या चार दिवसांत सेलचे पाच एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन जाहिराती आणि ‘शहरापासून पंधरा मिनिटांवर’ असलेल्या एनए प्लॉटसंबंधी एक फोन आला. प्लॉटवाल्याला माझा नंबर त्याच दुकानाने दिला असा आरोप मी करत नाही, कारण गेल्या दहा वर्षांत हा नंबर मी कुठेकुठे सांगितला आहे याचा हिशेब मलाही लागत नाही. परंतु ७८० रुपयांच्या कापडासाठी मी नेमके काय देऊन आलो, हा प्रश्न मनातून जात नाही. बिलासाठी मोबाइल नंबर देणे कायद्याने बंधनकारक आहे काय? आणि आपल्यापैकी जे नकार देतात ते रांगेसमोर तो कसा निभावून नेतात?

मिरजकर तिकटी

‘माझ्याकडे मोबाइल नाही’ असे मी सरळ सांगतो. एकदा हे सांगत असतानाच खिशातला फोन वाजला, हा भाग वेगळा. तेव्हापासून पहिले दोन आकडे खरे आणि पुढचे सगळे मनाला येतील तसे, अशी पद्धत ठेवली आहे. आजवर कोणी पडताळून पाहिलेले नाही.

पाच सत्ते

मिरजकर तिकटीवाले साहेब, आपल्या मनाला येणारे आकडे कोणाच्या तरी खिशात वाजतात, आणि तो कोणीतरी बहुधा मी असतो. माझ्या नंबराच्या शेवटी ओळीने पाच वेळा सात आहे. नंबर घेताना मोठ्या हौसेने निवडला होता, पण खोटा नंबर सांगणाऱ्याच्या तोंडी असेच सोपे आकडे आधी येतात, हे तेव्हा लक्षात आले नाही. कोणाकोणाची औषधे, बूट आणि प्रेशर कुकर यांची बिले मला नियमाने येतात. गेल्या दिवाळीत तीन पैठण्यांचे बिल माझ्या फोनवर आले आणि घरात एकही पैठणी आली नाही, ही गोष्ट पत्नीला समजावून सांगताना माझी जी अवस्था झाली तिचे वर्णन येथे करत नाही.

विनोद सोडला, तरी खोटा नंबर देण्यात आपलेही नुकसान आहे. बदलून घ्यायची पावती, वॉरंटीचा तपशील किंवा ओटीपी तिसऱ्याच माणसाकडे जातो आणि तो माणूस भला असेल याची हमी कोणी दिलेली नाही. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणावे, माझ्यासारख्या परक्याला मध्ये घेऊ नये, एवढी विनंती.

दुकानदार, शाहूपुरी

माझे मिक्सर, गिझर आणि पंख्यांचे छोटे दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या पलीकडची बाजू सांगतो. नंबराशिवाय बिल होत नाही हे वाक्य बहुतेक वेळा अर्धेच खरे असते. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबराचा रकाना सक्तीचा ठेवायचा की ऐच्छिक, हे सेटिंगमध्ये ठरते. माझ्या दुकानात तो ऐच्छिक आहे, कारण मी तो तसा ठेवला आहे. मोठ्या दुकानांत अनेकदा तो सक्तीचा ठेवतात, आणि दिवसाच्या एकूण बिलांपैकी किती बिलांवर नंबर आला याचा हिशेब संध्याकाळी काउंटरवरच्या मुलामुलींकडून घेतला जातो. राजारामपुरीवाल्या साहेबांशी बोललेली ती मुलगी पडद्यावरून नजर काढत नव्हती, तिचे कारण कदाचित हेच असेल. तिच्यावर रागावून उपयोग नाही.

परंतु नंबर मागणारा प्रत्येक दुकानदार जाहिरातीसाठीच मागतो, हेही मला मान्य नाही. मिक्सरच्या मोटरीला काही वर्षांची वॉरंटी असते आणि बिल दोन महिन्यांत हरवते. शिवाय मशीनवर छापलेल्या पावतीची शाई वर्षभरात अशी उडते, की ग्राहक कोरा कागद पुढे करून ‘हे बघा तुमचेच बिल’ म्हणतो. अशा वेळी नंबर टाकला की जुने बिल मिनिटात सापडते आणि मशीन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विनातक्रार पाठवता येते. म्हणून मी विचारतो, कशासाठी विचारतो ते सांगतो, आणि समोरचा नको म्हणाला तर बिलावर पेनाने फक्त नाव लिहून देतो. नंबर नाही म्हणून बिल अडवणे किंवा एक्स्चेंज नाकारणे ही मात्र अरेरावी आहे, आणि आमच्याच व्यवसायातले लोक ती करतात याची मला लाज वाटते.

करसल्लागार, ताराबाई पार्क

मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जीएसटीच्या बीजकावर कोणता तपशील असावा हे केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ४६ मध्ये दिलेले आहे, आणि त्यात ग्राहकाच्या मोबाइल नंबराचा उल्लेखच नाही. दुकानातून माल घेणारा ग्राहक नोंदणीकृत व्यापारी नसेल, तर त्याचे नाव आणि पत्तासुद्धा करपात्र मालाची किंमत ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल तरच सक्तीचा ठरतो. गुजरीत दोन लाखांपेक्षा अधिक रकमेचे दागिने घेतले तर पॅन द्यावा लागतो, पण तो आयकराचा विषय आहे. औषधांच्या दुकानातही शेड्यूल एच-वनमधील (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या काही औषधांची सरकारी यादी) औषधांसाठी डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे ठेवावी लागते. मोबाइल नंबर त्या यादीतही नाही.

केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये, अशाच तक्रारींनंतर, सेवा देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबराचा आग्रह धरू नये अशी सूचना किरकोळ विक्रेत्यांना केली होती आणि असा आग्रह ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे स्पष्ट केले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला पुरवणे आणि विकलेल्या मालाचे बिल न देणे, या दोन्ही गोष्टी येतात. तेव्हा ‘नंबर नसेल तर बिल नाही’ असे म्हणणारा दुकानदार स्वतःच अडचणीत येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर संमती मोकळेपणाने दिलेली आणि सांगितलेल्या कामापुरती असावी असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, परंतु मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.

आलेल्या संदेशांविषयी थोडे. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असते. ‘पी’ असेल तर ती जाहिरात, ‘एस’ असेल तर सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. १९०९ वर फोन करून किंवा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) अ‍ॅपवरून जाहिराती बंद करता येतात, आणि नको असलेला एसएमएस किंवा फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती, २०२५ मध्ये ती वाढवली. यातली मेख अशी, की आपण दुकानाच्या सदस्य योजनेच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत जाहिरातींना संमती देऊन बसलो असू, तर डीएनडी असूनही ते संदेश येऊ शकतात. व्हॉट्सअ‍ॅपला हे नियम लागूच होत नाहीत, तिथे ब्लॉक करणे हाच मार्ग. दुकानाविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.

चप्पल लाइनचा जुना ग्राहक

आमच्या चप्पल लाइनीत अजूनही पायाचाच नंबर विचारतात.

एक आई, कसबा बावडा

कायद्याची माहिती उपयोगी आहे, परंतु एक गोष्ट इथे कोणाच्या बोलण्यात आली नाही. काउंटरवर नंबर मोठ्याने सांगावा लागतो आणि रांगेतल्या सगळ्यांना तो ऐकू येतो. माझी मुलगी कॉलेजात आहे. मागे एका दुकानात तिने नंबर सांगितला आणि त्याच रात्री अनोळखी माणसाचे ‘हाय, कुर्ता छान होता’ असे संदेश सुरू झाले. तेव्हापासून आम्ही नंबर चिठ्ठीवर लिहून देतो. परवा तशी चिठ्ठी दिली, तर काउंटरवरच्या मुलाने ती हातात धरून दहाही आकडे खणखणीत आवाजात वाचले आणि ‘बरोबर ना, मॅडम?’ असे विचारले. पाच सत्तेवाल्या दादांनी हसावे की रडावे ते ठरवावे, मला ठरवता आलेले नाही.

दुसरी गोष्ट वाढदिवसाची. नंबरापाठोपाठ जन्मतारीखही विचारतात. आमच्या सासऱ्यांनी एका दुकानात ती हौसेने लिहून दिली होती. ते जाऊन तीन वर्षे झाली, त्यांचा फोन आता सासूबाई वापरतात, आणि दर वर्षी त्या तारखेला सकाळी आठ वाजता दहा टक्के सवलतीसह शुभेच्छा येतात. पहिल्या वर्षी मी तो संदेश त्यांनी पाहण्याआधी पुसला. दुसऱ्या वर्षी दुकानात जाऊन नाव काढायला सांगितले, तर ‘ते हेड ऑफिसला असते’ असे उत्तर मिळाले. यंदा सासूबाईंनी तो माझ्याआधीच वाचला होता. काही बोलल्या नाहीत, फोन उपडा ठेवला आणि भाजी निवडायला बसल्या.

नववी गल्ली, राजारामपुरी

सर्वांचे मनापासून आभार. बावड्याच्या ताई, आपला अनुभव वाचून संध्याकाळभर अस्वस्थ होतो. माझा नंबर अनोळखी माणसाकडे असण्याची भीती मला कधी वाटली नव्हती, कारण मला तशी गरजच पडली नव्हती.

एक गाऊन आईला घट्ट झाल्यामुळे काल पुन्हा त्याच दुकानात गेलो. बदलून मिळाला, वर शंभर रुपये द्यायचे निघाले आणि नव्या बिलासाठी पुन्हा नंबर विचारला गेला. या वेळी मी ‘नंबर देणार नाही, छापील बिल हवे’ एवढेच शांतपणे सांगितले आणि पुढे काहीच बोललो नाही. मुलीने मॅनेजरना बोलावले, ते आले, त्यांनी वाकून कीबोर्डवरचे एक बटण दाबले आणि बिल छापून बाहेर आले. शाहूपुरीच्या दुकानदार साहेबांचा अंदाज बरोबर होता. मॅनेजर वळल्यावर तिने हलक्या आवाजात सांगितले, ‘सर, ते बटण आम्हाला दाबता येत नाही, त्याला त्यांचा पासवर्ड लागतो.’

पावतीची शाई उडते हे वाचल्यामुळे घरी येताना तिची झेरॉक्स काढून घेतली. दोन रुपये लागले.