डेबियन 13 टाकलं आणि जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय गेलं

प्रश्न: लॅपटॉप 2010 चा. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या 12 वरून 13 वर गेलो, कर्नल (सिस्टीमचा गाभा) 6.1 चा 6.12 झाला आणि वाय-फाय गायब! ड्रायव्हर डीकेएमएसचा, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप नव्याने बांधला जाणारा. सध्या राउटरपासून दारातून केबल ओढलीय, आई दोनदा अडखळली.

उत्तर: लॅपटॉप सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब मेनूच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना 6.1 लावून बघा. तो उडवू नका हं! नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइल्स) आहेत का? त्यांच्याशिवाय डीकेएमएस ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधणार कसं?

प्रश्नकर्ता: जुन्यावर चालतंय. हेडर्स खरंच नव्हते, शोभा झाली.

दुसरं उत्तर: 'लिनक्स-हेडर्स-एएमडी64' हे पॅकेज टाका, पुढच्या वेळी आपोआप येतील. 32-बिटवाल्यांनी मात्र 13 च्या नादी लागू नये. त्यात आय386 चा, म्हणजे 32-बिट, कर्नलच नाही.

प्रश्नकर्ता: टाकलं, रीबूट केलं, आलं! केबल गुंडाळतोय.