अनुभव धागा: तक्रार दिली, महापालिकेने काय केले?

1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय नोंदवले. पाणीपुरवठा, रस्ते, सार्वजनिक आरोग्य आणि घनकचरा हे त्यांतलेच. 2022 मध्ये राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा गाऱ्हाणे घेऊन जायचे तरी कोणाकडे, हा प्रश्न घरोघरी पडला. आपल्या तक्रारीचे काय झाले आणि महापालिकेने खरे तर काय करायला हवे होते, ते सविस्तर लिहावे. अधिकाऱ्यांची नावे मात्र टाळावीत.

टेकडीवरच्या वस्तीतून

आमच्याकडे पाणी पहाटे पावणेतीनला येते, तेही खालच्या गल्लीतल्या मोटारी बंद झाल्यावर. सासूबाई नळाखाली कळशी लावून झोपतात. आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग रिकाम्या कळशीत धार वाजते आणि त्या आवाजाने सगळे घर उठते. दोन वर्षांत दिलेल्या प्रत्येक अर्जाला ‘पुरवठा सुरळीत आहे’ असेच उत्तर आले. व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडला जात असल्यामुळे कागदोपत्री ते खोटेही नव्हते. अखेर नव्याने बदलून आलेल्या एक उपअभियंता बाई स्वतः पहाटे वस्तीत आल्या, त्यांनी शेवटच्या घराच्या नळाला दाबमापक लावला आणि बराच वेळ काटा जागचा हलला नाही, हे आमच्यासोबत उभे राहून पाहिले. त्यानंतर आठवड्याभरात आमच्या भागाचा व्हॉल्व्ह खालच्या गल्लीच्या अर्धा तास आधी सोडायचा, असे चावीवाल्याला लेखी कळवण्यात आले. त्यासाठी नवी जलवाहिनी टाकावी लागली नाही, निधीही लागला नाही. ज्याचे गाऱ्हाणे आहे त्याच्या नळापाशी, त्याच्या वेळेला जाऊन पाहणे हे महापालिकेचे पहिले काम आहे, असे मला मनापासून वाटते.

सोसायटीच्या सचिवांकडून

आमच्या फाटकासमोरचे ड्रेनेजचे चेंबर तुंबले होते आणि त्याचे झाकणही तुटले होते. जलनिस्सारण विभाग ते काम रस्ते विभागाचे आहे असे सांगे आणि रस्ते विभाग आम्हाला पुन्हा जलनिस्सारणाकडे पाठवी. दरम्यान ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश मला तीनदा आला, आणि तिन्ही वेळा त्या भोकात आम्ही खोचलेली लाल फडक्याची फांदी तशीच उभी होती. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित सेवांना मुदत आहे आणि अपिलाची सोयही आहे. तक्रारदाराला विचारल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, एवढे बंधनही तितक्याच काटेकोरपणे पाळले गेले पाहिजे.

निवृत्त कनिष्ठ अभियंता

मी टेबलाच्या पलीकडून लिहीत आहे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात कलम 63 बंधनकारक कर्तव्ये सांगते, तर कलम 66 ऐच्छिक कामे. माझ्या नोकरीत कमानी आणि बाकड्यांच्या फायली झरझर पुढे सरकल्या आणि गटारांच्या फायली पडून राहिल्या, कारण कमानीसाठी कोणीतरी रोज फोन करीत असे. त्या फायलींवर माझ्याही सह्या आहेत आणि त्याची खंत मला आजही आहे. निधी नसेल तर तसे लिहून द्यावे. ‘यंदा होणार नाही, या कारणाने होणार नाही’ असे स्पष्ट पत्र दिल्यावर माझ्याशी कोणी भांडल्याचे मला आठवत नाही.

बाजारपेठेतल्या रहिवाशाकडून

प्रत्येक मागणी मान्य करणे हे महापालिकेचे काम नव्हे, हे मी उशिरा शिकलो. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यांना हटवावे या अर्जावर माझी सही होती. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात, हे प्रभाग कार्यालयाने आम्हाला समजावून सांगितले आणि दोन्ही बाजूंना एकत्र बसवले. त्या बैठकीत मेथी विकणाऱ्या एका मावशींनी रुग्णवाहिकेला किती जागा लागेल, असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खडूने रेघ ओढून आपली पाटी तिच्या आत घेतली. ती रेघ पुढे पालिकेने पांढऱ्या रंगाने पक्की केली.