‘रिकॉइल’साठी मराठीत नेमका शब्द कोणता? धक्का, झटका की प्रत्याघात?

प्रश्न : नाशिकला रेंजवर शॉटगन शिकायला नवीन येणाऱ्यांसाठी पानभर सूचना मराठीत लिहितेय. सिन्नर-निफाडकडचे बरेच जण असतात, इंग्रजी येतं त्यांना, पण खांद्याला लागणारी गोष्ट आपल्या भाषेत वाचली की पटकन डोक्यात बसते. रिकॉइलला, म्हणजे गोळी सुटताना बंदूक मागे जो जोर मारते त्याला, धक्का म्हणू का झटका? आणि ‘फेल्ट रिकॉइल’चं, म्हणजे तो जोर प्रत्यक्ष अंगाला जितका जाणवतो त्याचं, काय करू? प्रत्याघात लिहिलं तर कोणी पुढे वाचायचं नाही.

उत्तर : धक्काच लिहा ताई. झटका म्हटलं की लोकांना करंट आठवतो. मी देवळालीचा, इथे तोफखान्यातले लोक सरळ रिकॉइलच म्हणतात. तोफेची नळी मागे सरकते तेव्हा तो जोर आतलं तेल झेलतं आणि दाबलेला वायू नळीला परत जागेवर आणतो, खांद्यावरच्या साध्या दुनळीत तशी काहीच सोय नाही, सगळं तुमच्या अंगावरच येतं.

उत्तर : दादांशी सहमत, पण फेल्ट रिकॉइलसाठी नवा शब्द बनवायची गरजच नाही, आपली क्रियापदं ते काम करतात. बंदूक धक्का *देते* आणि खांद्याला धक्का *बसतो*. देते तो किती, ते काडतूस आणि बंदुकीचं वजन ठरवतं, म्हणजे काडतुसातले छर्रे एकूण 32 ग्रॅमऐवजी 24 ग्रॅमचे घेतले (ऑलिम्पिक ट्रॅपला, म्हणजे उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीलाही 24च चालतात) किंवा बंदूक अर्धा किलोने जड घेतली की तो खरोखरच कमी होतो. बसतो तो किती, हे मात्र धरण्यावर आहे. दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) खांद्याच्या खोबणीत घट्ट टेकलेला हवा, बोटभर जरी फट राहिली तरी बंदूक वेग घेऊन येऊन आदळते, दंडावर टेकवला तर दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालेलं दिसतंच. गाल दस्त्याला चिकटलेला, वजन पुढच्या पायावर, कमरेतून मागे झुकायचं नाही. रबरी पॅडने धक्का कमी दिला जात नाही, तो जरा जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरून बसतो म्हणून कमी लागतो. सूचनांमधे हे ‘देणं’ आणि ‘बसणं’ वेगळं ठेवाच, नाहीतर लोक नुसतं पॅड लावून जड काडतुसं मारत बसतील.

प्रश्नकर्ती : हे फार कामाचं आहे, असंच लिहिते! आणि ‘फ्लिंच’ला, धक्क्याच्या भीतीने अंग आखडतं त्याला? दचकणं?

उत्तर : दचकतो तो बार झाल्यावर. हे त्याआधीच होतं, डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, चाप हिसकला जातो. मी ‘अंग चोरणं’ म्हणेन, अगदी चपखल आहे. कोण अंग चोरतंय हे बघायचं तर उस्तादाने शिकणाऱ्याला न सांगता मधेच डमी काडतूस भरायचं. बार होत नाही पण नळी खाली झुकते, लगेच दिसतं. आणि दस्ता, छर्रा, बार हे शब्द सोडू नका हो, 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली पण शिकाऱ्यांचे शब्द अजून चांगले वापरात आहेत.