शिवराई अ‍ॅक्रिलिकमध्ये, भाव ४,९९९: आवड की नुसती दुकानदारी?

बुधवारबाजारी

काल या नाण्यांच्या फोरमवर कुणीतरी एक जाहिरात चिकटवली आणि खाली 'जय शिवराय'ची रांग लागली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी (शिवराई म्हणजे महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं): 'शिवकालीन अस्सल शिवराई, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात, होलोग्रामवाल्या प्रमाणपत्रासह. फक्त १६७४ नग. ४,९९९ रुपये. सोबत नव्या संसद भवनाचं सोन्याचा मुलामा दिलेलं ७५ रुपयांचं नाणं मोफत. पुढच्या पिढीसाठी गुंतवणूक.' तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण मावेना, म्हणून वेगळा धागा.

फोटो मोठा करून बघा. अक्षरांच्या मधून दोन आडव्या समांतर रेघा गेल्यात. ही दुदांडी. शिवराई राज्याभिषेकापासून पडायला लागली हे खरं, पण ती महाराजांबरोबर थांबली नाही. पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींतून पडत राहिली, इंग्रज आल्यावरही दख्खनच्या बाजारांत कैक वर्षं चालली. दुदांडी त्या उत्तरार्धातली. तिला 'शिवकालीन' म्हणायचं तर मग दुसऱ्या बाजीरावालाही शिवकालीन म्हणा.

झिजलेली दुदांडी पुण्याच्या जुन्या बाजारात आजही शे-दीडशेला मिळते. घासाघीस जमली तर त्याहून कमी. उरलेले चार हजार आठशेच्या वर कशाचे? ठोकळ्याचे आणि '१६७४' या आकड्याचे. हजार नग का नाहीत, दोन हजार का नाहीत? कारण आकडा बघून ऊर भरून येतो आणि हात खिशाकडे जातो. दुदांड्या पोत्याने सापडतात, दुर्मिळ आहेत ते ठोकळे, आणि ठोकळे हवे तितके बनवता येतात.

आता ते ७५ रुपयांचं. खरं नाणं २०२३चं, ३५ ग्रॅमचं, निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. साडेसतरा ग्रॅम चांदी कोण फुकट वाटतं? सोबत येणार ते पितळ.

शोभेची वस्तू म्हणून खुशाल विका, दहा हजाराला विका. 'शिवकालीन' आणि 'गुंतवणूक' हे दोन शब्द तेवढे काढा.

रुखवतवाली

आधीच सांगते, हा ठोकळा माझा नाही. पण मी ठाण्यात लग्नाच्या भेटवस्तू बनवते, त्यामुळे मनाला लागलं.

तुमच्यासारख्या जाणकारांमुळेच हा छंद पन्नाशीपुढच्या पुरुषांपुरता उरलाय. नाण्यांच्या प्रदर्शनात गेलं की टेबलामागचा माणूस आधी आपल्याकडे बघतो, मग आपल्या पर्सकडे, आणि म्हणतो, 'मॅडम, गिफ्टसाठी हवंय का?' ठोकळा घेणारी आई आठ वर्षांच्या मुलासाठी घेते. मुलगा 'श्री राजा शिव' बोट ठेवून वाचतो. त्याला दुदांडी काय नि एकदांडी काय!

आणि सरकार काय करतं? २०१०ला बृहदीश्वर मंदिराच्या हजार वर्षांनिमित्त १,००० रुपयांचं नाणं काढलं. त्यातून कुणी भाजी आणलीय? ७५, १२५, ३५०, ५५०, २०२५चं अहिल्यादेवींचं ३००, यांतलं एकही फिरायला काढलेलं नाही. पेटीत घालून दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीत विकतात. सरकारने केलं की स्मारक, ठाण्यातल्या माणसाने केलं की फसवणूक.

शेवटचं. आपल्या आज्यांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ काय होती? व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याची देशी नक्कल. तिकडचा डोज, म्हणजे राज्यप्रमुख, त्यांच्या संतापुढे गुडघे टेकून बसलाय आणि आपल्याकडे कित्येकांनी ते राम-सीता समजून पुजलं. नाण्याचे दागिने, नाण्याच्या नकला, नाण्याभोवती गोष्टी, हे सगळं आपल्या घराघरांत होतं. तेव्हा कुणी धागा काढला नाही.

बुधवारबाजारी

पुतळीचा मुद्दा बिनतोड आहे. त्रास झाला, पण मान्य. मात्र पुतळी सोन्याची, अडीनडीला सराफाकडे वजनावर जाते. ठोकळा घेऊन जा बघू एकदा सराफाकडे. चहा पाजून परत पाठवेल.

सरकारी नाण्यांबद्दल: सरकार निदान धातू किती, वजन किती, हे राजपत्रात छापतं. या जाहिरातीत कुठल्या टांकसाळीचं, कुठल्या काळातलं, किती ग्रॅम, काही आहे का? प्रमाणपत्रावर सही कुणाची, तेही नाही.

निवृत्त_रोखपाल

तुमचं ४,९९९ परवडलं म्हणायचं. माझी गंमत ऐका. २०१२ साली वैष्णोदेवी मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची पाच आणि दहाची नाणी निघाली. मी काउंटरला होतो तेव्हा ती चिल्लरमध्ये सरसकट यायची. मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले, 'हे नाणं आहे का? दहा लाख मिळतील.' आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने त्यापायी कुणाला तरी आधी 'नोंदणी' म्हणून पैसे भरले, मग 'जीएसटी', मग 'कुरियरचा विमा'. पलीकडचा माणूस रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र पाठवत होता. शेवटी ते नाणं घेऊन आमच्याच शाखेत आला, 'साहेब, तुम्हीच घ्या.' मी दहा रुपये दिले. दुसरं काय देणार?

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये पत्रक काढून स्पष्ट सांगितलंय, जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीविक्रीशी आमचा संबंध नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. वाचतं कोण?

आणि माझा खरा राग पुढेच आहे. दहाचं नाणं वाण्याला दिलं की 'हे चालत नाही काका, पंधरा रेघांवालं नकली आहे.' बँकेने २०१८ला चौदाच्या चौदा नमुने चालतात म्हणून जाहीर केलं, तरी तेच. म्हणजे दुकानात फुकट नको आणि फोनवर दहा लाख!

बुधवारबाजारी

काका, हे लाखात एक. पण धागा अ‍ॅक्रिलिकवर आहे.

निवृत्त_रोखपाल

माहीत आहे. कुठे तरी बोलायचं होतं.

एडिसनकर

इकडे अमेरिकेत हे सगळं पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलंय. पेनसिल्व्हेनियात १९६४ला फ्रँकलिन मिंट निघाली, नावाला टांकसाळ, पण खासगी. दर महिन्याला एक पदक घरपोच, पेटी, प्रमाणपत्र. आता ती घेणाऱ्यांची मुलं संच विकायला काढतात तेव्हा बहुतेक वेळा दुकानदार फक्त वजनकाटा पुढे करतो. पुढे १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, निघाली, तर टीव्हीवर विकणाऱ्यांनी त्यांना रंग दिले, मुलामा दिला. खर्च करायला गेलं तर पंचवीस सेंट. तिकडे पॅसिफिकमधलं न्युए बेट, वस्ती दोन हजारांच्या आत, कार्टूनची चांदीची नाणी काढतं आणि जगभर विकतं.

पण इथे १९७३पासून कायदा आहे: जुन्या नाण्याची नक्कल केली तर तिच्यावरच 'कॉपी' असं उमटवलं पाहिजे. आपल्याकडे शिवराईच्या नकलेवर असं काही उमटवलेलं पाहिलंय का कुणी?

चांदवडी

आले! एडिसनहून साहेब आले, आता धाग्याला पदव्युत्तर दर्जा.

थट्टा सोडा, मुद्दा बरोबर आहे. रायगडाच्या पायथ्याशी पितळी होन, म्हणजे महाराजांच्या सोन्याच्या नाण्याच्या नकला, ढिगाने मिळतात. घेणाऱ्यालाही कळतं ते पितळ आहे, म्हणून माझी हरकत नाही. हरकत त्या 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' वाल्यांवर. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला 'यूकेएल वन आना'. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, 'यूकेएल' म्हणजे काय तेही कुणाला सांगता येत नाही, तरी 'चमत्कारी' म्हणून देव्हाऱ्यात जातं. त्या मानाने ठोकळ्यातली शिवराई तरी खरी आहे. रुखवतवाली ताईंना माझं अर्धं मत.

पण मूळ नुकसान वेगळंच आहे. शिवराई नाण्यांना भोकं पाडून, कड्या डागून माळा आणि अंगठ्या बनवतात, आणि त्याआधी चिंच लावून लख्ख घासतात. ते बघितलं की पोटात कालवतं.

सासुरवाशीण

चिंच लावली तर बिघडलं कुठे? आमच्याकडे धनत्रयोदशीला राणीछाप रुपये निघतात, दरवर्षी चिंच-मीठ लावून घासतो. पूजेला काळंकुट्ट नाणं ठेवायचं का?

अंकुशी

ताई, हात जोडतो. ते 'काळंकुट्ट' म्हणजेच नाण्याचं वय. तांब्यावरचा तपकिरी थर, चांदीवरची करडी झाक शंभर-दीडशे वर्षांत बसलेली असते. चिंचेतलं आम्ल ती काढतंच, वर धातूचा पातळ पापुद्राही नेतं. भिंगाखाली घासल्याच्या रेघा दिसल्या की जाणकार नाणं परत ठेवतो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि टिपून घ्या. बस.

एका ओळखीच्या घरी १९३९चा सहाव्या जॉर्जचा रुपया निघाला. त्या सालाचं महत्त्व असं, की जास्त चांदीचं ते शेवटचं साल, पुढच्या वर्षी चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५०वर आली. अस्सल होता. पण वर कडी डागलेली आणि घासून घासून राजाचं नाक सपाट. व्यापाऱ्याने चांदीचा भाव सांगितला, वर थोडेसे. घरातल्या माणसाचा चेहरा बघवेना.

सासुरवाशीण

तुमच्या राजाच्या नाकाचं मला काय सोयरसुतक?

कडी कुणी लावली आणि का, हे विचारलंत? आमच्या आजेसासूबाईंच्या गळ्यात अशीच रुपयांची माळ होती. त्या सांगायच्या, पेटीत ठेवलेला रुपया घरातला पुरुष नेतो, गळ्यातला मागून घ्यावा लागतो. आजेसासऱ्यांनी दोन शेतं पत्त्यांत घालवली, माळ राहिली. त्या माळेतल्या रुपयांवर सासऱ्यांचं शिक्षण झालं. तेव्हा ते रुपये भिंगाखाली कुणी बघितले नाहीत, वजनावर गेले आणि फीचे पैसे आले. ती कडी नसती तर तुम्हाला नाक बघायला रुपयाही उरला नसता.

अंकुशी

तुमच्या आजेसासूबाईंबद्दल आदर आहे. पण तेव्हाची गरज आणि आजची फॅशन एका मापाने मोजू नका. आज जी मुलगी ऑनलाइन शिवराईची अंगठी मागवते तिला शेत सोडवायचं नाहीये. तिच्यासाठी दरवर्षी किती नाणी बाद होतात याचा हिशेब नाही. एकदा भोक पाडलं की ते नाणं अभ्यासातून गेलं. वळण कुठलं, 'शिव' की 'सिव', टिंब कुठे, हे सगळं ज्या जागी असतं तिथेच नेमकी कडी बसते.

सासुरवाशीण

म्हणजे बायकांनी घातलं की बाद आणि पुरुषांनी अल्बममध्ये कोंबलं की अभ्यास. कळलं.

अंकुशी

मी बायका-पुरुष कुठे म्हणालो? प्रत्येक गोष्टीत तेच आणायचं असेल तर मी थांबतो.

रुखवतवाली

'आज जी मुलगी' तुम्हीच म्हणालात. वर जाऊन वाचा.

चांदवडी

अवांतर: अल्बमचंही कौतुक नको. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलेली नाणी हिरवी, चिकट झालेली मी स्वतः बघितलीत. चिंच परवडली.

अंकुशी

तुम्ही कुणाच्या बाजूने आहात नक्की?

चांदवडी

नाण्यांच्या.

ठोकळावाला

नमस्कार. जाहिरात माझी आहे. कालपासून वाचतोय, बऱ्याच शिव्या खाल्ल्या, आता बोलतो.

एक: ठोकळा ओतीव नाही. दोन तुकडे आहेत, चार पितळी स्क्रू, मधल्या खाचेत नाणं सैल बसतं. काढता येतं. गोंद नाही, रेझिन नाही. भोक, कडी, चिंच, काहीही केलेलं नाही. अंकुशीसाहेब, तुमच्या हिशेबाने मी पुण्याचंच काम करतोय.

दोन: ७५चं नाणं प्रतिकृती आहे हे प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय.

तीन: किंमत. शे-दीडशेचं नाणं म्हणता, पण अस्सल निवडून घ्यायला शंभरातली तीस बाजूला काढावी लागतात, कारण नव्या ओतीव शिवराया त्याच ढिगात मिसळलेल्या असतात. कडेला ओतकामाचा सांधा दिसतो, पृष्ठभागावर बारीक भोकं. ती निवड, ठोकळा, पेटी, भाडं, परत आलेला माल. बुधवारच्या बाजारात उभं राहून हे कळत नाही.

बुधवारबाजारी

स्क्रूवाला ठोकळा ही बातमी चांगली आहे, तेवढ्यापुरता शब्द मागे. बाकी जागेवर. प्रतिकृती असल्याचं मागच्या बाजूला आणि 'सोन्याचा मुलामा' पुढच्या बाजूला, हे बरोबर दिसतं तुम्हाला? आणि 'शिवकालीन'चं काय?

ठोकळावाला

'मराठाकालीन' करतो. पुढच्या छपाईपासून.

बुधवारबाजारी

आणि आधी गेलेले?

ठोकळावाला

त्यांना नवं प्रमाणपत्र पाठवीन, मागितलं तर. 'गुंतवणूक' मात्र ठेवणार. म्युच्युअल फंडवाले ठेवतात, सोसायटीवाले ठेवतात, मीच का काढू?

एडिसनकर

कारण ते निदान खाली बारीक अक्षरात जोखीम लिहितात.

ठोकळावाला

मग मीही लिहितो. बारीक अक्षरात.

निवृत्त_रोखपाल

एक ठोकळा मला द्या, नातवाचा वाढदिवस आहे. नाणं तुम्ही निवडलेलं असू द्या. ते सोनेरी ७५ मात्र पाठवू नका, पोरगं वाण्याकडे घेऊन जायचं.

रुखवतवाली

काका, वाणी तेच घेईल बघा. दहाचं घेणार नाही.

सासुरवाशीण

माझा प्रश्न अजून तसाच आहे. धनत्रयोदशीला करायचं काय? घासायचे की नाही, एकच काय ते सांगा, सासूबाई विचारतायत.

अंकुशी

साधं पाणी. मऊ फडक्याने टिपा, घासू नका. आणि त्यांतल्या एखाद्यावर १९३९ आहे का तेवढं बघून इथे फोटो टाका.