मदत हवी आहे: हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलवर पहिली मराठी साईट

राजवाडा_चौक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलवर मराठीत एक छोटी साईट करायला घेतली आहे. सुरुवात तीन यंत्रांपासून: ब्रिक गेम, गेम बॉय पॉकेट आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी. पानं विंडोजच्या नोटपॅडमध्ये साध्या एचटीएमएलने लिहिली आहेत आणि गिटहब पेजेसवर, म्हणजे साईट फुकट ठेवायच्या सोयीवर, चढवली आहेत. दर महिन्याला पैसे भरावे लागतील असं काही नको आहे.

मुख्य पान नीट दिसतं. एसपीच्या पानावर मात्र मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. ब्रिक गेमचा मजकूर इथे इंदूरला एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतला होता, तो पानात डकवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. काही फोटो माझ्या कॉम्प्युटरवर दिसतात, साईटवर गायब. फोनवर अख्खं पान मुंगीएवढ्या अक्षरांत उघडतं. खेळांचे स्क्रीनशॉट मोठे केले की धुरकट होतात.

आणखी दोन गोष्टींवर सल्ला हवा आहे. मित्रमंडळींचं म्हणणं आहे की खेळ उतरवून घ्यायची सोय ठेवली तरच लोक येतील. ठेवावी का? दुसरं म्हणजे इंदूरमधले बरेच वाचक हिंदी वाचणारे आहेत. मराठीच्या जोडीला हिंदी पानं करायची तर मांडणी कशी ठेवावी?

शिरोरेघ

प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी खिचडी हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

प्रश्नचिन्हं म्हणजे फाईल एएनएसआय पद्धतीने जतन झाली. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या ठिकाणी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. तो मजकूर त्या फाईलमधून परत मिळणार नाही, मूळ प्रतीवरून पुन्हा डकवावा लागेल. नंतर 'सेव्ह अ‍ॅज' करताना खाली एन्कोडिंगच्या खान्यात यूटीएफ-८ निवडा. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये नवी फाईल आपोआप यूटीएफ-८ मध्ये जाते, पण जुनी फाईल उघडून त्यातच लिहिलं तर ती जुन्याच पद्धतीत राहते. एकच पान बिघडलं आहे त्यावरून तसंच झालेलं दिसतं.

सोबत प्रत्येक पानाच्या हेड भागात अगदी पहिली ओळ मेटा चारसेट यूटीएफ-८ ची हवी. ही घोषणा फाईलच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावी असा नियम आहे, म्हणून ती लांबलचक टिपणाखाली किंवा स्टाईलच्या खाली ढकलू नका. ही ओळ नसली तर प्रश्नचिन्हं येत नाहीत, मात्रा-टोप्या लावलेली रोमन अक्षरं येऊ शकतात. ती दिसली तर मजकूर शाबूत आहे असं समजा. रिकामे चौकोन दिसले तर दोष फाँटचा.

डीटीपीवाल्याचा मजकूर बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीत आहे. त्या फाँटांत 'क' च्या जागी प्रत्यक्षात एखादं रोमन अक्षर साठवलेलं असतं, फाँट फक्त त्याला क चं रूप देतो. वाचकाच्या फोनवर तो फाँट नाही, म्हणून खिचडी. हा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावाच लागेल. परिवर्तक कोणताही घ्या, नंतर चार गोष्टी डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी योग्य अक्षराला लागली का, रफार सरकला का, ळ टिकला का, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या' मधला ऱ्य शाबूत आहे का. हिंदी टायपिंगसाठी केलेले परिवर्तक शेवटच्या दोन ठिकाणी हमखास अडखळतात. पुढच्या वेळी टाईप करून घेताना 'युनिकोडमध्ये, मंगल फाँटात' एवढं सांगितलं तरी हे काम वाचेल.

एचटीएमएलच्या खुणेत भाषा 'एमआर' अशी नोंदवा. मराठी आणि हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे असतात. ज्या फाँटात दोन्ही वळणं आहेत, तो ही नोंद पाहूनच मराठी वळण देतो. तुम्ही दोन्ही भाषांत लिहिणार असाल तर याचा फरक पानावर लगेच दिसेल. ओळींतलं अंतर १.६ ते १.७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना चिकटतात. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र अजिबात वाढवू नका, शिरोरेघ तुटते. फाँट साईटवर ठेवणार असाल तर साधा आणि ठळक एवढी दोनच वजनं पुरेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँट जड असतात.

फोनवरच्या बारीक अक्षरांचं कारण व्ह्यूपोर्टची मेटा ओळ नाही हे आहे. रुंदी 'डिव्हाइस-विड्थ' आणि सुरुवातीचं प्रमाण १, एवढं त्या ओळीत घाला.

गायब फोटोंचं म्हणाल तर आधी नावं बघा. विंडोज कॅपिटल आणि लहान अक्षरांत फरक करत नाही, गिटहबचा सर्व्हर करतो. कॅमेरा फाईलच्या शेवटी 'जेपीजी' कॅपिटलमध्ये लिहितो आणि पानात तुम्ही लहान लिपीत लिहिता. घरी चालतं, तिथे चालत नाही. सगळी नावं लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, मध्ये आडवी रेघ देऊन ठेवा. देवनागरी नावं चालतात, पण दुवा कुणाला पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ होते.

नावं बरोबर असूनही फोटो दिसत नसेल तर पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो का पाहा. तुमची साईट खात्याच्या नावाखालच्या उपफोल्डरात असेल तर सुरुवातीची तिरकी रेघ ब्राउझरला थेट मुळाशी नेते आणि तिथे फोटो नसतो. फोल्डरचं नाव खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोअरने, सुरू होत असेल तर गिटहबमधलं जेकिल, म्हणजे साईटची पानं तयार करणारा प्रोग्राम, तो फोल्डर वगळतं. नाव बदला, किंवा मुळाशी 'डॉट नोजेकिल' नावाची रिकामी फाईल ठेवा. बदल दिसायला १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधी कोड पुन्हा पुन्हा बदलत बसू नका, नाहीतर कोणत्या बदलाने काम झालं ते कळणार नाही. थांबा आणि मग कंट्रोल-एफ५ दाबा.

ठिपका_ठिपका

स्क्रीनशॉटबद्दल. गेम बॉय पॉकेटचा पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा, अ‍ॅडव्हान्स एसपीचा २४० × १६०. ब्राउझर एवढंसं चित्र मोठं करताना मधले रंग स्वतः भरतो, म्हणून धुरकटपणा येतो. चित्र मूळ मापातच पीएनजी म्हणून ठेवा आणि सीएसएसमध्ये 'इमेज-रेंडरिंग' ला 'पिक्सेलेटेड' हे मूल्य द्या. मोठं करताना पूर्ण पटीतच करा: पॉकेटचं ४८० × ४३२ किंवा ६४० × ५७६, एसपीचं ४८० × ३२० किंवा ७२० × ४८०. अडीच पट केलं की काही ठिपके दोन घरांचे, काही तीन घरांचे होतात आणि अक्षरं वाकडी दिसतात. मॉनिटरवर हे लगेच खुपतं. फोनचे ठिपके खूप दाट असतात, तिथे पट थोडी चुकली तरी चालून जातं. तरीही फोनसाठी पॉकेटचं चित्र ३२० रुंदीचं ठेवलं तर ३६० रुंदीच्या पानात नीट बसतं.

जेपीजी नकोच. सपाट रंगांच्या कडांभोवती त्यात मळकट डाग पडतात. आणि स्क्रीनशॉट फोनवरून कॉम्प्युटरवर घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे त्याचं जेपीजी होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबल जोडा.

यंत्रांच्या फोटोंना जेपीजी योग्य. लांब बाजू १२०० पिक्सेल, दर्जा ७५ ते ८०, म्हणजे फाईल साधारण २०० केबीच्या आसपास राहते. प्रत्येक चित्राच्या खुणेत रुंदी आणि उंची लिहा, नाहीतर फोटो उतरत असताना मजकूर खाली-वर उड्या मारतो. पहिल्या पडद्याखालच्या फोटोंना 'लोडिंग लेझी' लावा.

एक गोष्ट तळमळीने सांगतो: फोनच्या फोटोत घराचं ठिकाण अक्षांश-रेखांशासकट नोंदलेलं असू शकतं. चढवण्याआधी ती माहिती काढून टाका. विंडोजमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' खाली ती सोय आहे. गिटहबवर फाईल नंतर पुसली तरी जुन्या नोंदींत ती राहते, त्यामुळे हे आधीच करायचं काम आहे.

राजवाडा_चौक (धागाकर्ता)

शिरोरेघ, ठिपका_ठिपका, दोघांचे मनापासून आभार. फोटो परत आले, नावांचाच घोळ होता. आता दोन शंका. एसपीचे दोन प्रकार असतात असं वाचलं, माझ्याकडचा कोणता हे पानावर कसं ठरवून लिहू? आणि ब्रिक गेमचा पडदा फोटोत येतच नाही, नुसती चकाकी येते.

वाय_पेचकस

एसपीच्या पाठीवरच्या लेबलावर एजीएस-००१ किंवा एजीएस-१०१ असतं. पण कवच बदललेली यंत्रं बाजारात पुष्कळ आहेत, त्यामुळे लेबलावर विसंबून लिहू नका. यंत्र चालू करून मधलं उजेडाचं बटण दाबा. ००१ मध्ये समोरून पडणारा उजेड आहे, बटणाने तो पूर्ण बंद होतो. १०१ मध्ये पडद्यामागून उजेड येतो, बटणाने फक्त कमी-जास्त होतो, विझत नाही. उजेडाच्या दोनांहून अधिक पायऱ्या दिसल्या तर कुणीतरी नवा आयपीएस पडदा बसवलेला आहे आणि पानावर तसंच नोंदवा. बॅटरी फुगलेली वाटली तर फोटोसाठी झाकण दाबून बसवू नका, आधी ती काढा.

ब्रिक गेमचा आणि पॉकेटचा पडदा बाहेरच्या उजेडावर चालतो. फ्लॅश बंद, खिडकी एका बाजूला, यंत्र किंचित तिरकं, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही. एसपीच्या पडद्यावर फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/६० किंवा १/३० करा. त्याचा पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नवा होतो, त्याहून झटपट शटरमध्ये अर्धवट चित्र पकडलं जातं.

ब्रिक गेमवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या असं माझं ठाम मत आहे. गेम बॉयबद्दल इंग्रजीत ढीगभर लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या बाजारात '९९९९ इन १' म्हणून विकल्या गेलेल्या यंत्रांची मराठीत नीट नोंद झाली तर तिचा उपयोग होईल. १० × २० घरांचा पडदा जवळजवळ सगळ्यांत सारखा, पण बाकी तपशील वेगळे निघतात. प्रत्येक यंत्रासाठी हे टिपा: पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, सेल किती आणि कोणत्या मापाचे, बटणांची मांडणी, आवाज बंद करायची सोय, आणि खेळांची यादी अक्षरानुसार. हजारोंचा आकडा वेग आणि पातळ्यांच्या गुणाकारातून येतो, मूळ खेळ मोजकेच. ते खेळून मोजा आणि लिहा. आतल्या बोर्डाचा एक फोटो द्या; चिप बहुतेक वेळा काळ्या राळेच्या थेंबाखाली असते, त्यामुळे तिचा क्रमांक मिळाला नाही तर तसं लिहा. साध्या फिलिप्स पेचकसाने ही उघडतात. एसपीला तीन पात्यांचा, वाय आकाराचा पेचकस लागतो आणि जुन्या गेम बॉयच्या कार्ट्रिजला ३.८ मिमीचा खास बिट. जेल रोडच्या मोबाईल दुरुस्तीच्या सामानात वाय पेचकस विचारून बघा, ३.८ चा मात्र ऑनलाइन मागवावा लागेल.

कलम_बावन्न

खेळ उतरवून घ्यायची सोय ठेवू नका. खेळ जुना झाला, दुकानात मिळेनासा झाला, तरी हक्क संपत नाहीत. निंटेंडोने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉम, म्हणजे खेळांच्या नकल केलेल्या फाईली, वाटणाऱ्या दोन साईटींवर दावा लावला आणि त्याच वर्षी १.२ कोटी डॉलरहून मोठ्या रकमेचा निकाल मिळवला. गिटहबही तक्रार आली की मजकूर खाली उतरवतं, आणि मग तुमचं स्वतःचं लेखनही सोबत जाण्याची भीती.

वाचकाला काही खेळायला द्यायचंच असेल तर हौशी लोकांनी नव्याने लिहिलेले, मुक्त परवान्याचे खेळ आहेत. परवाना वाचा आणि निर्मात्याचं नाव द्या. जीबी स्टुडिओ वापरून स्वतःही छोटा खेळ करता येतो, तो थेट वेबपानासाठी निर्यात होतो आणि गिटहब पेजेसवर चालतो.

स्क्रीनशॉटचं तसं नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. म्हणून प्रत्येक चित्राशेजारी त्याबद्दल तुमचं काहीतरी म्हणणं असू द्या. नुसती चित्रांची गॅलरी त्या मुभेत बसवणं अवघड. माहितीपुस्तिका अख्खी स्कॅन करून टाकू नका. कंपनीचं किंवा कन्सोलचं नाव साईटच्या पत्त्यात नको, आणि तळाशी 'ही चाहत्याने केलेली साईट आहे, कंपनीशी संबंध नाही' ही ओळ हवी. स्वतःकडे नसलेल्या यंत्रांसाठी विकिमीडिया कॉमन्सवर इव्हान एमॉस यांचे उत्तम फोटो आहेत. त्यांतले पुष्कळसे सार्वजनिक वापराला खुले आहेत, तरी प्रत्येकाखालचा परवाना पाहून घ्या.

शिरोरेघ

हिंदीचं राहिलं होतं. मुळाशी 'एमआर' आणि 'एचआय' असे दोन फोल्डर करा, आत पानांची नावं तंतोतंत सारखी ठेवा, आणि फोटोंचा फोल्डर दोघांत एकच. प्रत्येक पानाच्या हेडमध्ये 'एचरेफलँग' च्या ओळींनी दोन्ही भाषांचे पत्ते द्या, हिंदी पानावरही आणि मराठी पानावरही. एकाच बाजूने दिले तर गुगल ते धरत नाही. भाषा बदलायचा दुवा वाचकाला त्याच यंत्राच्या पानावर न्यायला हवा, मुख्य पानावर नको. मशीन अनुवाद न वाचता चढवू नका. आणि हिंदी पान मराठीचं काम पुरं झाल्यावरच घ्या. एका यंत्राची दोन भाषांतली पूर्ण पानं ही तीन यंत्रांच्या अर्धवट पानांपेक्षा वाचकाच्या जास्त कामाची.